पिशवी काढताना अंडाशयाचं काय केलं ते बाईला सांगा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या आरोग्याच्या पानावर विसराळूपणावर लेख आला होता. चांगला होता, बीपी-शुगर सांभाळा, चाला, झोप पूर्ण करा, माणसांत रहा, सगळं बरोबरच. पण बाईच्या पाळीचा आणि मेंदूचा काही संबंध असतो यावर अख्ख्या लेखात एक ओळ नव्हती आणि सोलापूरच्या पेपरात ती ओळ सगळ्यात आधी पाहिजे होती असं मला मनापासून वाटतं, म्हणून लिहितेय. मी ज्युनिअर कॉलेजला बायोलॉजी शिकवायचे, आता रिटायर झालेय.

आपल्याकडे बिडी वळणाऱ्या, कांड्या भरणाऱ्या, खुरपायला जाणाऱ्या बायकांत जाऊन बसा, पस्तीस-चाळिशीत गर्भाची पिशवी काढलेली कुणी ना कुणी भेटतेच. अंगावरून जात होतं, कंबर दुखत होती, सोनोग्राफीत पिशवीला सूज आहे म्हणाले, ठेवली तर कॅन्सर होईल म्हणाले, आणि लेकरं झालीत आता कशाला पाहिजे, असं म्हणून सगळं उरकलं. बीडच्या ऊसतोड बायकांचं प्रकरण २०१९ मध्ये केवढं गाजलं, सरकारनं समिती नेमली, ८२ हजारांवर बायकांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३ हजारांहून जास्त बायकांची पिशवी काढलेली निघाली. त्याच बायका सीझनला आपल्या जिल्ह्यातल्या कारखान्यांच्या फडावर येतात. तेव्हा चर्चा झाली ती पैशाची, मुकादमाची, खाड्याच्या दंडाची, आणि ती व्हायलाच पाहिजे होती. पण पिशवीबरोबर अंडाशयं पण काढली का, हा प्रश्न मला फारसा कुठे वाचायला मिळाला नाही.

पिशवी गेली की पाळी थांबते, पण इस्ट्रोजेन हे हार्मोन बनतं ते अंडाशयात. अंडाशयं ठेवली तर ती काम करत राहतात (काही जणींची दोनेक वर्षं आधी थकतात एवढंच), आणि काढली तर इस्ट्रोजेन हळूहळू कमी न होता ऑपरेशननंतर एक-दोन दिवसांतच एकदम खाली येतं. आपल्या देशात पाळी सरासरी ४६-४७ च्या आसपास जाते, म्हणजे ३५ व्या वर्षी अंडाशयं काढली तर दहा-बारा वर्षं शरीर जवळजवळ इस्ट्रोजेनशिवाय, आणि त्या शरीरात मेंदू पण येतो.

मेंदूचं काय ते जरा नीट सांगते कारण इथेच बहुतेकांना आश्चर्य वाटतं. इस्ट्रोजेन रक्तातून सगळीकडे फिरतं पण काम होतं ते जिथे त्याला धरणारं प्रोटीन असतं तिथेच, त्याला रिसेप्टर म्हणतात. यंत्रमागाच्या कारखान्यात ऑर्डरची चिठ्ठी आली तरी ती वाचून माग लावणारा जॉबर जागेवर पाहिजे, तसंच हे. शिकागोमध्ये एल्वूड जेन्सन यांनी १९५० च्या दशकाच्या शेवटी पहिला रिसेप्टर शोधला आणि पुढे कितीतरी वर्षं असा एकच आहे असं समजत होते, मग १९९६ मध्ये स्वीडनच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमध्ये यान-आके गुस्ताफसन यांच्या टीमला दुसरा सापडला, तो पण नर उंदराच्या प्रोस्टेटमध्ये! म्हणजे हे फक्त बायकांचं हार्मोन हा समज तिथेच मोडला. पहिल्याला अल्फा म्हणतात, दुसऱ्याला बीटा. पेशीच्या पडद्यावर बसणारा तिसरा पण आहे. मेंदूत हायपोथॅलॅमसमध्ये अल्फा भरपूर, पाळी जाताना गरम वाफा येतात, रात्री घामानं गाऊन भिजतो ते तिथलं तापमानाचं गणित बिघडल्यामुळे. आणि आठवणी साठवायला लागणारा हिप्पोकॅम्पस, विचार करणारा वरचा कॉर्टेक्स, इथे बीटा पण आहे, पेशीला एनर्जी देणाऱ्या मायटोकॉन्ड्रियापर्यंत तो सापडतो.

हे रिसेप्टर करतात काय, तर ग्लुकोज नीट वापरायला मदत करतात, सूज आटोक्यात ठेवतात, पेशींमधले जोड टिकवतात. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर युनिव्हर्सिटीत १९९० मध्ये कॅथरीन वूली आणि ब्रूस मॅक्यूअन यांनी उंदराच्या मादीत दाखवलं की तिच्या चार-पाच दिवसांच्या चक्रात हिप्पोकॅम्पसच्या एका भागातल्या पेशींवरचे छोटे काटे, ज्यांवर दुसऱ्या पेशी येऊन जोडल्या जातात, ते साधारण ३० टक्क्यांनी कमी-जास्त होतात. चार-पाच दिवसांत! मेंदू एकदा मोठा झाला की तसाच राहतो असं आम्ही स्वतः कॉलेजात शिकलो होतो. पुरुषांच्या मेंदूत पण टेस्टोस्टेरॉनचं काही प्रमाणात इस्ट्रोजेन होतं, तेव्हा पुरुष वाचकांनी पान उलटू नये.

अमेरिकेत अल्झायमरच्या दर तीन पेशंटमागे दोन बायका आहेत. बायका जास्त जगतात हे एक कारण आहेच, पण तेवढ्यानं सगळं समजतं असं अनेक शास्त्रज्ञांना वाटत नाही. पार्किन्सन (कंपवात) मात्र उलट, पुरुषांना दीडपट जास्त. आणि अमेरिकेतल्याच मेयो क्लिनिकच्या २००७ च्या अभ्यासात पाळी जायच्या आधी अंडाशयं काढलेल्या बायकांत पुढे स्मृती-बुद्धी कमी होण्याचा किंवा डिमेन्शियाचा (म्हणजे स्मृतिभ्रंशाचा) धोका जवळपास दीडपट दिसला, ऑपरेशनचं वय जितकं कमी तितका धोका जास्त, आणि ज्यांनी निदान पन्नाशीपर्यंत इस्ट्रोजेन घेतलं त्यांच्यात तो वाढलेला दिसला नाही. हा अभ्यास जुन्या नोंदी बघून केलेला आहे, त्यावरून हेच कारण असं ठामपणे म्हणता येत नाही हे मला कळतं. माझ्या थोरल्या जाऊबाईंची अंडाशयं सदतिसाव्या वर्षी काढली आणि आता साठीत त्यांना शेगडीवरचं दूध, देवाचा दिवा, कधी कधी नातवाचं नाव आठवत नाही, पण ते त्या ऑपरेशनमुळेच झालं असं मी म्हणणार नाही, कुणीच म्हणू शकत नाही. माझा राग वेगळा आहे. अंडाशयं काढली हेच त्यांना इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नाही, फाईलमधलं जुनं कार्ड मी वाचलं तेव्हा कळलं.

आता हे वाचून कुणी मेडिकलमधून इस्ट्रोजेनच्या गोळ्या आणून सासूबाईंना देऊ नका, हात जोडून सांगते. अमेरिकेत ६५ च्या पुढच्या साडेचार हजार बायकांवर मोठी चाचणी झाली होती, २००३ मध्ये निकाल आला, घोडीच्या लघवीपासून काढलेलं इस्ट्रोजेन आणि सोबत प्रोजेस्टिन हे दुसरं हार्मोनचं औषध दिलेल्यांत डिमेन्शियाच्या ४० केसेस, औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी दिलेल्यांत २१. म्हणजे फायदा तर नाहीच, उलट दुप्पट. बऱ्याच संशोधकांचा अंदाज असा की उशीर झाला होता, वर्षानुवर्षं इस्ट्रोजेन नसलं की रिसेप्टरच कमी होतात, बदलतात, मग चिठ्ठी येऊन उपयोग नाही. हा अंदाज अजून पक्का झालेला नाही. पण चाळिशीच्या आत ज्यांची अंडाशयं गेली त्यांचा विषय वेगळा आहे, त्यांना काही अडचण नसेल तर पाळी जायच्या नेहमीच्या वयापर्यंत हार्मोन द्यावं असं जगातल्या तज्ज्ञ संस्था सांगतात, हाडांसाठी, हृदयासाठी. स्तनाच्या कॅन्सरची हिस्ट्री असेल तर नाही चालत, ते डॉक्टरच ठरवणार. आपल्या बायकांना मात्र ऑपरेशननंतर कॅल्शियमच्या गोळ्या आणि टाक्याची तारीख, संपलं. पुन्हा कुणी बोलवत नाही.

कधी कधी अंडाशयं काढावीच लागतात, गाठ असते, घराण्यात कॅन्सरचं जीन असतं, तिथे वाद नाही. माझं म्हणणं निरोगी अंडाशयांबद्दल आहे, "उघडलंच आहे पोट तर तेही काढून टाकू" म्हणून काढलेल्या. नको असलेल्या पिशवीच्या ऑपरेशनांवर केंद्राची गाइडलाइन २०२२ मध्ये आली, सुप्रीम कोर्टानं २०२३ मध्ये सगळ्या राज्यांना ती लागू करायला सांगितलं. ती कागदावर राहू नये. आपल्या सिव्हिलमध्ये आणि प्रत्येक खाजगी दवाखान्यात ऑपरेशनच्या आधी बाईला, नवऱ्याला नाही, बाईला विचारलं पाहिजे की अंडाशयं ठेवायची का काढायची, आणि काढली तर कार्डावर साध्या मराठीत, शहराच्या तेलुगू बोलणाऱ्या पूर्व भागात तेलुगूतही, तशी ओळ लिहून दिली पाहिजे आणि तिचं वय पन्नासच्या आत असेल तर पुन्हा भेटायची तारीख पण.

तोपर्यंत एक काम तुम्ही करू शकता संपादकसाहेब. डिस्चार्ज कार्डावर ऑपरेशनच्या नावापुढे इंग्रजीत बीएसओ अशी तीन अक्षरं असतील तर दोन्ही अंडाशयं काढलेली असतात, यूएसओ असेल तर एक. पुढच्या आरोग्याच्या पानावर असं एक नमुन्याचं कार्ड मोठं छापा, त्या अक्षरांना लाल गोल करा. बायका कपाटातली फाईल काढून बघतील, आणि ज्यांचं वय अजून पंचेचाळीसच्या आत आहे त्यांना डॉक्टरकडे जाऊन विचारायला वेळ आहे.

आपली,
एक निवृत्त बायोलॉजी शिक्षिका, सोलापूर