किटचे पैसे राहू दे, पुस्तकं घे

धरमपेठ, नागपूर

प्रिय मेघा,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला आणि तो स्क्रीनशॉट पण पाहिला. नऊ हजाराचं माँटेसरी खेळण्यांचं किट? साडेतीन वर्षाच्या पोट्ट्यासाठी, आपल्या अर्णवसाठी? माय माझी! बेंगलोरला जाऊन तू एवढी दिलदार कधी झाली गं, कॉलेजात तर चहाचे पैसे मीच देत होती. फोनवर बोलायला बसलं की तुझं धाकटं उठते नाहीतर माझी चिऊ फोन हिसकून घेते, म्हणून सगळं लिहूनच पाठवते.

आधी त्या किटमधल्या गुलाबी टॉवरचं बघू. माँटेसरी म्हणजे पोराला वस्तू हाताळून स्वतःच शिकू द्यायची पद्धत, आणि तिच्यातला मूळ टॉवर म्हणजे 10 लाकडी ठोकळे, सगळ्यात लहान 1 सेंटिमीटरचा, मोठा 10 चा, आणि सगळे एकाच गुलाबी रंगाचे. एकाच रंगाचे का, तर पोराला फक्त लहान-मोठं दिसावं, दुसरं काहीच बदलू नये. बाजारातल्या त्या रंगीबेरंगी रिंगांमध्ये रंगही बदलतो, साइजही बदलते, मग पोरगं रंग लक्षात ठेवून लावते आणि आपल्याला वाटते बाप्पा काय हुशार आहे! आता तुझ्या किचनमध्ये बघ. एकात एक बसणारे स्टीलचे डब्बे, जे काकूंनी लग्नात दिले होते. धातू तोच, आकार तोच, फक्त साइज वेगळी. आणि चुकीचं झाकण बसतच नाही, म्हणजे चुकलं हे सांगायला तू पाहिजेच नाही, त्याचं त्याला कळते. खरं तर माँटेसरीच्या सामानाची मेन गोष्ट हीच आहे, आणि ती तुझ्याकडे ऑलरेडी कपाटात पडून आहे. आवाज मात्र होतो, खालच्या फ्लॅटवाल्यांशी बोलून ठेव.

हे काही माझं डोकं नाही. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक, ज्या लग्नानंतर आपल्या अमरावतीला होत्या, त्यांनी आणि गुजरातचे बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांनी 1926 मध्ये नूतन बाल शिक्षण संघ काढला, आणि 1945 मध्ये ताराबाई समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या. परदेशी पद्धतीचं महाग सामान गावात कुठून येणार, म्हणून शंख-शिंपले, खडे, पानं, बिया, जे तिथं मिळते त्यावरच शिकवलं. पोरं शाळेत येईनात तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली, अंगणवाडी म्हणतो ती तिथली. आणि आपण एसीत बसून इम्पोर्टेड मणी ऑर्डर करून राहिलो.

आता अक्षरं. हार्डवेअरच्या दुकानातून बारीक दाण्याचा पॉलिश पेपर, म्हणजे सँडपेपर आण, एक शीट वीस-पंचवीस रुपयाला मिळते. मागच्या बाजूनं अक्षर उलटं काढायचं, कापायचं आणि जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड पुठ्ठ्यावर चिकटवायचं. पोरगं त्यावरून बोट फिरवते, वळण बोटाला कळते. पण सगळी मुळाक्षरं एका दमात नको कापू, बोटं सोलून निघतील तुझी. ग म भ न, मग र स, मग व ब क, अशी वळणं जुळणारी सोबत घे. अ अननसापासून सुरू केलं तर पहिलंच अक्षर सगळ्यात गुंतागुंतीचं येते, हे मला कधीच पटलं नाही. त्याच्या नावातली अक्षरं मात्र पहिल्या दिवशी दे, त्यात त्याला स्वतःचा इंटरेस्ट असतो. तेवढाही वेळ नसेल तर मोठ्या ताटात रवा पसरून दे. खाली जुनी चादर टाक आणि तो रवा नंतर उपम्यात घालू नको एवढंच.

आणि हे जरा कान देऊन ऐक, कारण तू लॅमिनेशन मशीन बघून राहिली असं म्हणाली. आमच्या सोसायटीतल्या आया रात्री दोन-दोन वाजेपर्यंत प्रिंटआउट कापतात, लॅमिनेट करतात, वेल्क्रो लावतात, सकाळी पोरगं पाच मिनिटं खेळते आणि सोफ्याखाली ढकलून मोकळं. स्वस्त म्हणतात त्याला. तुझ्या झोपेचे पैसे कोणी धरतच नाही! माझा सरळ हिशोब आहे, बनवायला पोरगं खेळेल त्याच्यापेक्षा जास्त वेळ लागत असेल तर ती वस्तू महागच आहे, फुकट असली तरी.

मोजायला इथं सध्या संत्री आहेत, तुझ्याकडे नसतील तर मोसंबी घे. सोलायला बोटांची ताकद लागते, फोडी मोजता येतात, एकात दहा निघतात एकात अकरा, मग कोणाला जास्त यावरून भांडण, आणि शेवटी मटेरियल खाऊन संपते, पसारा उचलायचा प्रश्नच नाही. आमच्या सासूबाई चिंचोके काढून बसतात, चिऊला एकी-बेकी त्यांनीच शिकवलं, पण तुझ्या घरी रांगणारं आहे म्हणून चिंचोके, वाटाणे, मणी हे सगळं धाकटं झोपल्यावरच काढ आणि मोजून परत भर. तीन वर्षाखालच्यांसाठी साधारण 3 सेंटिमीटरपेक्षा लहान काहीच जमिनीवर नको. बटन सेल आणि ते छोटे गोल मॅग्नेट तर खेळायला देऊच नको, मोठ्यालाही नाही. पोटात गेले तर आतून इजा करतात, बाहेरून काही दिसत नाही.

क्ले विकत नको घेऊ. दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, दोन चमचे तेल, कोमट पाणी लागेल तसं. हळद टाकली की पिवळा, बिटाचा रस टाकला की गुलाबी. मीठ भरपूर असते, तोंडात जाऊ देऊ नको. फ्रिजमध्ये घट्ट डब्यात काही दिवस टिकतो, वास आला की फेक. आणि तुटलेले क्रेयॉन टाकू नको हं. लहान तुकडा मुठीत धरताच येत नाही, आपोआप तीन बोटांच्या चिमटीत येतो. पेन्सिल धरायची तयारी त्यातच होते, गिरवायच्या वह्या आत्तापासून नको.

मग विकत काय घ्यायचं? एक चांगली बोथट टोकाची कात्री, स्वस्तातली कागद चावते आणि पोरगं रडते. एक पाटी. आणि बाकी सगळे पैसे पुस्तकांत घाल, यात कंजूसपणा केला तर मी भांडेन. नॅशनल बुक ट्रस्टची चित्रांची मराठी पुस्तकं अजूनही स्वस्त मिळतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर वेबसाइटवर मराठी गोष्टी फुकट आहेत, प्रिंट काढून टाचून दिल्या तरी चालते, फक्त फोनवर दाखवत नको बसू, तो गोष्ट सोडून स्क्रीनच बघेल. एनसीईआरटीनं 2023 मध्ये 3 ते 8 वर्षांच्या पोरांसाठी जादुई पिटारा नावाचा खेळत शिकायचा संच काढला, त्यात काय काय आहे ते एकदा बघून घे. बाहुल्या, कोडी, फ्लॅशकार्ड. अर्ध्याहून जास्त तू घरी जमवू शकते.

प्राण्यांची फ्लॅशकार्ड नको. तू इकडे आली की महाराजबागेच्या प्राणिसंग्रहालयात नेऊ दोघांना, तिथं पोरं विचारतात तेवढे प्रश्न कार्डावर निघत नाहीत. नंतर रमण विज्ञान केंद्र आहेच, पण ते थोडे मोठे झाल्यावर. आणि तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे आपल्याकडच्या पोरांच्या पोळ्याचा, लाकडी बैल तुझ्या माहेरी माळ्यावर असेल, काकूंना विचार. चाकं तेल घालून चालू करून घे. ओढायला, सजवायला, गोष्ट सांगायला, सगळ्याला चालतो. तिकडे बेंगलोरात त्याच्या मित्रांकडे नसेल एवढं नक्की.

ऑर्डर केली असेल तर आजच कॅन्सल कर, रिटर्नची तारीख आधी बघ. आणि अर्णवच्या हाताचं माप पाठव मला, कात्री मी इथून बघते, तुला डाव्या हाताची पाहिजे ना? काकांना नमस्कार सांग.

तुझीच,
मनू