संशोधनाची बातमी देताय तर ते कसं केलं तेही सांगा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात हल्ली आठवड्याला एखादी तरी 'संशोधनातून समोर आलं' टाइपची बातमी असतेच, कधी कॉफी, कधी झोप, कधी लहान मुलं आणि मोबाइल. हेडिंग मोठं, फोटो मोठा, पण हे शोधलं कोणी, किती लोकांवर, किती वर्षं, कशाशी तुलना करून, यातलं काहीच नसतं. मी टीटीसी एमआयडीसीतल्या केमिकल कंपनीच्या क्यूसी लॅबमध्ये, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासतात तिथे, नोकरी केली, तिथे नुसता आकडा आणून टेबलावर ठेवला तर कोणी बघतसुद्धा नाही, सॅम्पल कुठून घेतलं, मेथड कुठली, इन्स्ट्रुमेंटचं कॅलिब्रेशन कधी झालं हे रजिस्टरमध्ये नसेल तर बॅच होल्डवर जाते. मला मनापासून वाटतं की जो नियम एका ड्रमभर केमिकलला आहे तो लाखो लोक वाचतात त्या बातमीला असायलाच हवा.

एक उदाहरण देतो. 2023 च्या जुलैमध्ये कोरियातल्या संशोधकांनी एलके-99 नावाचा पदार्थ साध्या खोलीच्या तापमानाला सुपरकंडक्टर होतो, म्हणजे वीज जराही अडवत नाही, असा दावा केला आणि जगभर बातम्याच बातम्या झाल्या, आता वीज फुकट, ट्रेन हवेत वगैरे. काही आठवड्यांत जगातल्या बऱ्याच लॅबनी तो बनवून बघितला, दिल्लीच्या आपल्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेनेही बघितला, आणि तसं काही निघालं नाही. त्यात भेसळ म्हणून राहिलेलं कॉपर सल्फाइड साधारण 104 अंश सेल्सिअसला आपली रचना बदलतं, तेव्हा रेझिस्टन्स (विजेला होणारा अडथळा) एकदम पडतो, आणि त्या पडण्यालाच सुपरकंडक्टिव्हिटी समजलं गेलं होतं. माझ्या मते खरी बातमी ही होती! एका अशुद्धीने सगळ्या जगाला कसं फसवलं आणि इतक्या लोकांनी मिळून ते कसं पकडलं, विज्ञान चालतं कसं हे याच्याहून चांगलं कुठे कळणार? पण पहिली बातमी घरोघरी पोचली आणि दुसरी कितीजणांनी वाचली असेल देव जाणे.

आणि लांबचं कशाला, आपल्या नवी मुंबईच्या आजूबाजूलाच बघा ना. न्यू पनवेलला भारतीय भूचुंबकत्व संस्था आहे, हायवेवरून रोज हजारो लोक जातात पण आत काय चालतं हे विचारलं तर फार कोणाला सांगता येणार नाही. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र मोजायच्या त्यांच्या कामाची सुरुवात कुलाब्याच्या वेधशाळेत झाली. 1859 च्या सप्टेंबरमध्ये सूर्यावरून आलेलं जबरदस्त चुंबकीय वादळ पृथ्वीवर आदळलं, तिकडे युरोप-अमेरिकेत तारयंत्रांतून ठिणग्या उडत होत्या, आणि इकडे कुलाब्याला माणसं टांगलेल्या चुंबकाची रीडिंग हाताने वहीत लिहीत बसली होती. चुंबकीय क्षेत्र जवळजवळ 1,600 नॅनोटेस्लांनी (नॅनोटेस्ला हे ते मोजायचं एकक) खाली आल्याची नोंद त्यांच्या वहीत आहे. पुढे 2003 मध्ये अमेरिका, ब्राझील आणि आपल्या याच संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मिळून त्या नोंदींवरून ते वादळ किती मोठं होतं याचा अंदाज मांडला. म्हणजे त्या वहीचं मोल कळायला जवळपास दीडशे वर्षं गेली.

मग मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं आणि विजेच्या प्रवाहाने रीडिंग बिघडणार, म्हणून वेधशाळेचं चुंबकीय काम 1904 मध्ये अलिबागला हलवलं, तिथली इमारतच लोखंड टाळून पोरबंदरी दगडात बांधली. पण मला सगळ्यात भारी काय वाटतं तर कुलाबा त्यांनी लगेच बंद केलं नाही, 1904 ते 1906 दोन्ही ठिकाणी एकाच वेळी रीडिंग घेतली, म्हणजे जुने आकडे आणि नवे आकडे जुळवता येतील. नवीन इन्स्ट्रुमेंट आलं की जुन्याच्या जोडीला काही दिवस चालवून बघायचं, हे आम्ही लॅबमध्ये करायचो तेच! 2024 च्या मे महिन्यात मोठं सौरवादळ आलं, लडाखमध्ये हानलेला आकाश लाल झालं, तो फोटो सगळीकडे फिरला, छान होता, पण अलिबागच्या रीडिंगबद्दल कोणी चार ओळी लिहिल्याचं माझ्या तरी वाचनात नाही.

खारघरला टाटा मेमोरियलचं ॲक्ट्रेक हे कॅन्सर उपचार-संशोधन केंद्र आहे, त्याचं नाव आलं की आपल्याला फक्त पेशंट आणि रांग आठवते. पण याच टाटा मेमोरियलने मुंबईच्या वस्त्यांमध्ये 1998 पासून एक अभ्यास चालवला, गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरचा. दहावीपर्यंत शिकलेल्या साध्या बायकांना काही आठवड्यांचं ट्रेनिंग दिलं, त्या गर्भाशयाच्या तोंडाला कापसाने पातळ ॲसिटिक ॲसिड लावायच्या, म्हणजे घरातल्या व्हिनेगरसारखंच, आणि मिनिटभर थांबायच्या, पांढरा डाग उमटला तर पुढची तपासणी. ना महागडं मशीन, ना रिपोर्टची वाट. सुमारे दीड लाख बायका, वस्त्यांचे 20 गट, त्यातल्या निम्म्या गटांत दर दोन वर्षांनी ही तपासणी आणि निम्म्यांत फक्त माहिती, कुठल्या गटात काय ते सोडतीने ठरवलेलं. बारा वर्षांनी बघितलं तर तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू 31 टक्क्यांनी कमी! 2013 मध्ये हे जगापुढे मांडलं. यावर पुढे वादही झाला, निम्म्या बायकांना तपासणीच का दिली नाही, त्यांना नीट समजावून संमती घेतली होती का, असे प्रश्न विचारले गेले आणि ते प्रश्न योग्यच होते असं माझं मत आहे. तेही छापा. वाचकाला दोन्ही बाजू पेलतात, त्याला कमी लेखू नका.

शिक्षणाचं तर विचारूच नका. 'अमुक पद्धतीने मुलं हुशार होतात' अशी बातमी आली की आमच्या सोसायटीतले आईबाप दुसऱ्या दिवशी क्लास शोधायला लागतात. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जींना 2019 मध्ये नोबेल मिळालं तेव्हा त्यांची आई मराठी आहे हे कौतुकाने छापून आलं, चांगलंच आहे, पण त्यांनी त्याच नोबेलच्या मानकरी एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांबरोबर मुंबई आणि वडोदऱ्याच्या पालिका शाळांत 'प्रथम' या शिक्षणातल्या स्वयंसेवी संस्थेच्या 'बालसखी' उपक्रमावर काय काम केलं ते किती आलं? बालसखी म्हणजे वस्तीतलीच एखादी शिकलेली तरुण मुलगी, ती मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना वर्गाबाहेर घेऊन दिवसाला दोन तास वाचन-आकडेमोड शिकवायची. कुठल्या शाळेत कुठल्या इयत्तेला बालसखी द्यायची हे सोडतीने ठरवलं म्हणून तुलना करता आली. मागे पडलेली मुलं खरंच पुढे आली, पण वर्गात उरलेल्या मुलांना, वर्ग लहान होऊनसुद्धा, फारसा फरक पडला नाही, आणि बालसखी बंद झाल्यावर वर्षभरात फायदा बराचसा ओसरला, हेही त्यांनीच लिहून ठेवलंय. आता सांगा, पालिका शाळेचं बजेट ठरवणाऱ्या नगरसेवकाने आणि त्याला मत देणाऱ्या माणसाने हे वाचायला नको?

त्यामुळे माझी विनंती एवढीच आहे की संशोधनाची बातमी असेल तिथे शेवटी पाच-सहा ओळी द्या, कोणी केलं, कुठे, किती जणांवर, तुलना कशाशी, पैसा कोणाचा आणि बाकीच्या तज्ज्ञांचं म्हणणं काय. दावा खोटा निघाला तर ती बातमीही त्याच पानावर आणि तेवढ्याच आकारात द्या. आणि ठाणे-नवी मुंबई पुरवणीत पंधरा दिवसांतून अर्धं पान इथल्या संस्थांना द्या, फक्त 28 फेब्रुवारीला विज्ञान दिन म्हणून नको. पनवेल, खारघर आहेच, वाशीचा पूल ओलांडला की मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, तिथे मुलांना गणित-विज्ञान शिकताना नेमकं कुठे अडतं यावरच संशोधन चालतं, खाडीतल्या फ्लेमिंगोंना बीएनएचएसने (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) जीपीएस टॅग लावलेत ते पक्षी इथून कुठे जातात हेही लोकांना वाचायला आवडेल. या ठिकाणी पीएचडी करणारी मराठी मुलं-मुली आहेत, त्यांनाच लिहायला सांगा, भाषा थोडी अडखळली तर तुमचे उपसंपादक आहेतच. पहिलं पान अलिबागच्या वेधशाळेवर केलंत तर मांडव्यापर्यंत बोटीने आणि पुढे रस्त्याने एका दिवसात तुमचा वार्ताहर जाऊन येईल.

आपला,
एक वाचक
कोपरखैरणे, नवी मुंबई