बर्फाखालचे कुरण आणि मुरबाडचे गायरान

संपादक महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत आल्प्समधल्या स्कीइंगवर सचित्र लेख आला होता. छायाचित्रे सुरेख होती, पण त्यांत एकही गाय दिसली नाही. त्या डोंगरांची निम्मी गोष्ट गायीची आहे, म्हणून हे पत्र.

माझी लेक फ्रान्समध्ये आन्सीला असते. तिच्याकडे गेले की जवळच्या ल ग्रां-बोर्नां या गावी आमची फेरी असतेच. आराव्ही डोंगररांगेच्या कुशीत, सुमारे १००० मीटर उंचीवर वसलेले, दोनेक हजार वस्तीचे गाव. हिवाळ्यात तिथे स्कीसाठी झुंबड उडते. पाठीवर रायफल घेऊन बर्फावरून धावायचे, मधेच थांबून नेम धरायचा, त्या बायथलॉनच्या विश्वचषक शर्यतीही तिथे होतात. माझे आयुष्य मात्र दुधाचे फॅट, एसएनएफ (म्हणजे फॅट सोडून उरलेले घन घटक) आणि दुधाची घनता मोजणाऱ्या लॅक्टोमीटरची डिग्री तपासण्यात गेले. त्यामुळे माझे पाय आधी गोठ्याकडे वळले.

हे गाव रेब्लोशों या चीजचे. साधारण अर्ध्या किलोची चपटी, मऊ चकती, न तापवलेल्या दुधाची. १९५८ पासून या नावाला कायद्याचे संरक्षण आहे. ठरलेल्या पट्ट्यातले आणि ठरलेल्या तीन जातींच्या गायींचेच दूध चालते. मुरघास, म्हणजे आंबवून साठवलेला हिरवा चारा, पूर्ण बंद. उन्हाळ्यात डोंगरावरचा चारा, हिवाळ्यात वाळले गवत. शेतकऱ्याने स्वतःच्या गोठ्यातल्या दुधाचे, धार काढल्याबरोबर, दिवसातून दोनदा बनवलेले चीज असेल तर त्यावर हिरवी खूण असते. डेअरीत बनलेल्यावर लाल. गिऱ्हाईक ती खूण बघूनच चकती उचलते. तिथला बुधवारचा बाजार १७९५ पासून भरतो.

या चीजच्या जन्माची कथा मला फार आवडते. मध्ययुगात जमीनमालक दुधाच्या मापावर खंड घेत. मालकाचा माणूस मोजायला आला की गवळी धार अर्धवट सोडत आणि तो गेल्यावर पुन्हा बसत. त्या मागच्या दुधाचे हे चीज. शेवटच्या धारांत फॅट सर्वांत जास्त असते, हे आपल्याकडचा कोणताही गवळी सांगेल. पहिल्या आणि शेवटच्या धारेचे नमुने वेगवेगळे तपासले तर फरक लगेच कळतो. गरिबाने स्वतःसाठी राखलेले ते सर्वांत सकस दूध होते.

आता मूळ मुद्दा. ज्या उतारांवर लोक स्की करतात, ती उन्हाळ्यात गायींची कुरणे असतात. गवत चरून किंवा कापून आखूड राहिले की त्यावर बर्फ धरून राहतो. न चरलेले लांब गवत आडवे होते आणि त्यावरून बर्फाचा थर घसरतो. म्हणजे गाय गेली तर स्कीचा उतारही बिघडतो. माणसेही तीच. अशा गावांतले कितीतरी शेतकरी हिवाळ्यात स्की शिकवतात, दोरीवरचे पाळणे चालवतात आणि उन्हाळ्यात गुरे घेऊन वर जातात.

हे आपोआप टिकले नाही. १९७२ मध्ये फ्रान्समध्ये डोंगरी कुरणांसाठी कायदा झाला. १९८५ च्या पर्वत कायद्याने शेतीला आणि चराईला लागणारी जमीन राखणे बंधनकारक केले. नवे बांधकाम जुन्या वस्तीला लागूनच करायचे, असे ठरवले. चीजला नाव असल्याने दुधाला देशाच्या सरासरीपेक्षा बराच जास्त भाव मिळतो. सगळे गोड आहे असे मात्र नाही. सुट्टीपुरती उघडणारी घरे भरमसाट झाली आहेत आणि गावच्या तरुणांना जागा परवडत नाही. बर्फही बेभरवशाचा झाला. डिसेंबर २०२२ मध्ये बायथलॉनसाठी आदल्या हिवाळ्यात लाकडाच्या भुशाखाली साठवलेला बर्फ ट्रकने आणला, त्यावर मोठा वाद झाला. ज्या वर्षी बर्फ दगा देईल, त्या वर्षीही गोठ्यात दूध असेल, हाच त्या गावाचा खरा आधार आहे.

आपल्या ठाणे जिल्ह्यात मुरबाड-शहापूरकडे पावसाळ्यात शनिवार-रविवारी माळशेजच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते. पर्यटन वाढावे, मी त्याच्या विरोधात नाही. पण फार्महाऊसच्या प्लॉटभोवती तारेचे कुंपण पडते, गुरांची वाट बंद होते आणि मग गुरे विकली जातात. मुरबाड रस्त्यावरच्या एका रिसॉर्टमध्ये मला चहा मिळाला तो शहरातून आलेल्या पिशवीच्या दुधाचा. पलीकडच्याच पाड्यावर दुभत्या म्हशी बांधलेल्या होत्या. हे पाहून फार वाईट वाटले.

सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच गायरानासारख्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणे हटवायला राज्यांना सांगितले आहे. माझे मागणे त्यापुढचे आहे. बिनशेती परवानगी देण्यापूर्वी त्या गावाची चराई, गुरांच्या वाटा आणि पाणवठे नकाशावर दाखवावेत आणि तो नकाशा ग्रामसभेत लावावा. रिसॉर्टला परवाना देताना दूध, दही, तूप पंचक्रोशीतून घेण्याची अट घालावी. घोलवडच्या चिकूला आणि वाड्याच्या कोलम तांदळाला भौगोलिक मानांकन मिळाले. मुरबाडच्या डोंगरी चाऱ्यावरच्या तुपाचा अभ्यास कृषी आणि दुग्धविकास खात्याने का करू नये? फॅट तपासायला मी आजही विनामोबदला बसेन.

पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यातल्या म्हसा यात्रेत गुरांचा बाजार भरेल. आपला बातमीदार तिथे जरूर पाठवा आणि जनावर विकायला आलेल्या प्रत्येकाला एवढेच विचारायला सांगा, की ते पूर्वी कुठे चरत होते आणि आता त्या जागेवर काय आहे.

आपली,
एक निवृत्त दूध तपासनीस,
कळवा, ठाणे