सुटलेल्या पोटाबद्दल

प्रिय सुध्या,

फोटो पोचले. तुझ्या राहायच्या ट्रेलरच्या (चाकांवरच्या घराच्या) पोटाला खालून लावलेला, चाकांच्या पुढचा तो काळा पत्रा (पत्रा कसला, प्लास्टिकच ते) वीतभर लोंबतोय, आणि तू विचारतोयस की स्क्रू किती इंची आणू. स्क्रूचं नंतर बघू. आधी त्या फुगवट्याला तळहाताने वर दाबून बघ. हलका लागला आणि सहज वर गेला, तर नुसते स्क्रू निसटलेत. जड लागला आणि आत डुचमळलं, तर पाणी साठलंय. आणि दगडासारखा घट्ट लागला, तर त्यावरची पाण्याची टाकीच खाली उतरलेली असू शकते. चाळीस गॅलनची टाकी भरलेली असली की दीडशे किलो वजन होतं. ते पेलायला लोखंडी अँगल असतात, त्यांचं वेल्डिंग किंवा बोल्ट गेले की टाकी प्लास्टिकवर येऊन बसते. तसं असेल तर टाक्या रिकाम्या कर आणि वेल्डरला बोलव, प्लास्टिकला हातही लावू नकोस.

खाली शिरण्याआधीचं नीट ऐक. जमीन सपाट हवी. ट्रेलर पिकअपला जोडलेलाच राहू दे, दोन्ही बाजूंच्या चाकांना पुढून-मागून अडण लाव. पुढचे पाय आणि मागचे स्टॅबिलायझर गाडी डुलू नये म्हणून असतात, अंगावर येणारं वजन त्यांच्या भरवशावर सोडायचं नाही. उचलायची वेळ आलीच तर फ्रेमखाली जॅक स्टँड (वजन पेलणारी लोखंडी तिवई) दे. बाहेरची वीज काढ, बॅटरीची तार सोडव, गॅसच्या सिलिंडरचे कॉक बंद कर. कारण फ्रेमच्या कडेनेच गॅसची नळी आणि ब्रेकच्या वायरी गेलेल्या असतात आणि तू खालून वर ड्रिल मारणार आहेस. डोळ्यांवर गॉगल हवाच.

पाणी असेल तर सगळ्यात खोलगट जागी टोच्याने एक भोक पाड, खाली बादली ठेव आणि स्वतः बाजूला सरक. वास घे. साबणाचा वास म्हणजे मोरीचं पाणी, दुर्गंधी म्हणजे संडासाची टाकी, वास नसेल तर पिण्याचं किंवा पावसाचं. मग बाहेर येऊन बॅटरी तेवढ्यापुरती जोड, बाहेरून येणारी पाण्याची नळी काढून, आतले सगळे नळ बंद ठेवून पंप चालू कर. दाब भरला की तो थांबला पाहिजे. पाणी न वापरता दर दोन-चार मिनिटांनी घुरघुरायला लागला, तर दाबाच्या पाइपात गळती आहे. बहुतेक वेळा एखादा एल्बो (काटकोनी जोड) नाहीतर पंपाजवळचा सांधा. पंप गप्प, पण अंघोळीनंतर ओल दिसते? मग निचऱ्याची नळी. फक्त पाऊस पडल्यावरच भरतं? मग स्लाइड-आउटचे (बाहेर सरकणाऱ्या खोलीचे) कोपरे आणि चाकांवरची फट बघ. ही गळती बंद न करता वर स्क्रू मारलेस तर महिन्याभरात पुन्हा तेच.

आता त्या प्लास्टिकबद्दल. हे म्हणजे आपल्याकडे निवडणुकीचे आणि क्लासचे बोर्ड ज्यावर छापतात ते सनपॅक, जाडी साधारण चार मिलिमीटर. तिकडे त्याला कोरोप्लास्ट म्हणतात. तुकडा हातात घेऊन वाकवून बघ. आतल्या नळ्या ज्या दिशेला जातात त्या दिशेला ताठ, आडवा मात्र वहीच्या पुठ्ठ्यासारखा मोडतो. म्हणून नळ्या पुढून मागे, म्हणजे फ्रेममधल्या एका आडव्या चॅनेलवरून (लोखंडी पट्टीवरून) दुसऱ्यावर जातील असा तुकडा काप.

दुसरी गोष्ट, हे पॉलिप्रॉपिलीन उन्हात बरंच वाढतं. आठ फुटी शीट चाळीस अंशांच्या फरकात जवळजवळ एक सेंटिमीटर लांब होते. तू ॲरिझोनात आहेस, तिथे पहाट आणि तापलेलं डांबर यांत तेवढा फरक सहज पडतो. स्क्रू गच्च आवळले असतील तर वाढलेल्या शीटला जायला जागाच नाही, ती खाली पोक काढते. पुन्हा थंडीत आखडली की स्क्रूचं डोकं भोकातून ओढून बाहेर येतं. तुझ्या फोटोत भोकं लंबुळकी झालीत ती यानेच.

त्यामुळे मधली एक ओळ घट्ट ठेव, बाकी शीटमधली भोकं बारा मिलिमीटरची पाड आणि दीड इंची रुंद वायसर लाव. स्क्रू बारा नंबरचे, एक इंची, स्वतःच भोक पाडणारे, गंज न लागणारे. कडेला दर आठ इंचांवर एक. वायसर शीटला टेकला की थांब, नळ्या चेपल्या तर तिथूनच फाटायला सुरुवात होते. इम्पॅक्ट ड्रायव्हर नको, क्लचवाला ड्रिल घे. जुनी भोकं शक्यतो वापर, फ्रेमला नवीन चाळण करू नकोस. जुन्याची पकड गेली असेल तिथे एक नंबर मोठा स्क्रू.

आधार मात्र वाढवायलाच हवा, कारखान्यातून येतो तो अपुराच असतो. दर दोन फुटांवर एक इंची ॲल्युमिनियमचा अँगल आडवा टाक, दोन्ही टोकं फ्रेमवर, प्रत्येकी दोन स्क्रू. चपटी पट्टी स्वस्त पडते म्हणून घेऊ नकोस. सहा फुटांच्या अंतरावर ती स्वतःच झोळीसारखी लोंबते. ॲल्युमिनियम आणि लोखंड यांच्यामध्ये ब्यूटिल टेपचा (चिकट रबरी टेपचा) तुकडा दे, नाहीतर ओलीत एकमेकांना खातात.

दोन शीट जोडताना चार इंच एकावर एक घे, आणि पुढची शीट खालून येऊ दे. तिची उघडी कड मागे बघायला हवी. उलट केलंस तर हायवेवरचा वारा त्या फटीत शिरतो आणि अख्खं पोट सोलून काढतो. जोडावर ब्यूटिलची टेप, आधी स्पिरिटने पुसून. या प्लास्टिकला साधा डिंक, सिलिकॉन, कापडी टेप काही धरत नाही. आठवड्यात पापुद्र्यासारखी सुटते. नळ्यांची उघडी टोकंही टेपने बंद कर, नाहीतर मुंग्या आणि गांधीलमाश्या घरं करतात.

आतलं भिजलेलं फायबरग्लास पिळून परत भरू नकोस, फेकून दे. त्याच्या जागी गुलाबी किंवा निळे एक्सपीएस (घट्ट थर्माकोलसारख्या) फोमचे तक्ते काप, ते पाणी पीत नाहीत. फर्नेसची (घर तापवणाऱ्या हीटरची) दोन इंची गरम हवेची नळी खाली सोडलेली असेल तर तिचं तोंड बुजवू नकोस, तिकडच्या डोंगरातल्या फ्लॅगस्टाफच्या थंडीत टाकीचे व्हॉल्व्ह तिच्यावरच तगतात. आणि व्हॉल्व्हखाली एक फूटभर चौकोन वेगळा काढून चार स्क्रूंवर ठेव. पुढच्या वेळी सगळं उघडावं लागणार नाही.

उंदरांच्या लेंड्या दिसल्या तर झाडू मारायचा नाही, ब्लोअर तर अजिबात नाही. १९९३ साली तुमच्याच फोर कॉर्नर्स भागात (ॲरिझोनासह चार राज्यं मिळतात तिथे) हंटाव्हायरसने माणसं गेली, ती उंदरांच्या वाळलेल्या घाणीची धूळ श्वासातून गेल्याने. मास्क आणि रबरी हातमोजे घाल. एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी असं चांगलं भिजव, पाच मिनिटं थांब, मग कागदाने पुसून पिशवी बांधून टाक.

बसवून झालं की पन्नास मैलांनी थांबून सगळे वायसर हाताने चाचपून बघ. शीट मागवण्याआधी मला दोन मापं कळव: फ्रेमच्या दोन लांब दांड्यांमधलं अंतर, आणि दोन आडव्या चॅनेलमधलं. लोंबणाऱ्या भागाच्या कोपऱ्यात आत टॉर्च धरून एक फोटोही पाठव, मला तिथे टाकीचा अँगल वाकलेला वाटतोय. तसा तो असला तर आपली सगळी यादी बदलेल.

वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
बाळ्या