‘सगळे पत्नीच्या नावे’ हा सल्ला मुलांच्या मुळावर येणारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला पुनर्विवाह आणि मृत्युपत्राविषयीचा लेख वाचला. ‘सगळे पत्नीच्या नावे लिहून द्यावे, ती दोन्हीकडच्या मुलांना सांभाळून घेईल’ हा त्यातला सल्ला ज्यांना पहिल्या लग्नाची मुले आहेत त्यांनी कृपया पाळू नये.

गंगापूर रोडवरचा एक फ्लॅट धरा. स्वकष्टार्जित, नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर. त्याला पहिल्या पत्नीपासून मुलगा आणि मुलगी, दुसऱ्या पत्नीला आधीच्या लग्नाची एक मुलगी. मृत्युपत्र न करता तो गेला, तर हिंदू उत्तराधिकार अधिनियम, 1956 प्रमाणे पत्नी, मुलगा, मुलगी असे तीन समान हिस्से पडतात. त्याची आई हयात असेल तर चार. निदान तेवढे तरी मुलांच्या हाती राहते. लेखाप्रमाणे सगळे पत्नीला दिले की ती पूर्ण मालक होते. पुढे ती मृत्युपत्राविना वारली तर कलम 15 लागते आणि त्यातले ‘मुलगे आणि मुली’ म्हणजे तिची स्वतःची. सावत्र मुले नवऱ्याचे वारस म्हणून खालच्या पायरीवर येतात. तिची मुलगी हयात असताना त्या दोघांना एक चौरस फूटही मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे 1987 मध्येच सांगितले आहे. बाई कितीही मायाळू असली तरी कायदा माया मोजत नाही.

अशा घरात फ्लॅटपुरता पत्नीला हयातीपर्यंत राहण्याचा हक्क द्यावा, विक्री, गहाण वा बक्षीस करता येणार नाही असे स्पष्ट लिहावे आणि तिच्या पश्चात मालकी कोणाची ते मुलांची पूर्ण नावे व जन्मतारखा घालून नमूद करावे. नुसते ‘माझी मुले’ लिहिले की सावत्र मुलगी त्यात धरायची की नाही यावरच भांडण उभे राहते. तिलाही द्यायचे असेल, आणि द्यावे असे मला वाटते, तर तिचे नाव आणि हिस्सा लिहा. इथे एक फट मात्र राहते. हयातीचा हक्क पोटगीपोटी दिला असे दिसले तर सर्वोच्च न्यायालयाच्या 1977 च्या तुळसम्मा निकालाचा आधार घेऊन हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम 14(1) खाली पूर्ण मालकीचा दावा होऊ शकतो. म्हणून पत्नीच्या उदरनिर्वाहासाठी मुदत ठेव किंवा वेगळी रक्कम पूर्ण मालकीने, स्वतंत्र परिच्छेदात द्यावी. दिंडोरी-निफाडची वडिलोपार्जित बाग असेल तर स्वतःच्या हिश्शापुरतेच लिहिता येते.

‘पुनर्विवाहाने जुने मृत्युपत्र रद्द होते’ हे लेखातले विधान हिंदूंना लागू नाही. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925 च्या कलम 57 मध्येच तसे म्हटले आहे. जुना कागद जिवंत राहतो. नव्यात ‘यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द’ ही ओळ हवीच. स्टॅम्प पेपर लागत नाही, साधा कागद चालतो. दोन साक्षीदार मात्र लागतात. तुम्ही सही केलेली त्यांनी पाहिलेली असावी आणि त्यांनी तुमच्यासमोर सही करावी. ते लाभार्थी नसावेत, शक्यतो तुमच्यापेक्षा वयाने लहान असावेत, कारण पुढे न्यायालयात किमान एकाला उभे राहावे लागते. नोंदणी सक्तीची नसली तरी सावत्र नात्यात ती जरूर करावी आणि त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला जोडावा. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी दुय्यम निबंधक घरी येऊ शकतात, त्यासाठी अर्ज करावा लागतो.

मुले अज्ञान (18 वर्षांखालील) असतील आणि त्यांची आई हयात नसेल तर मृत्युपत्रातच पालक नेमा. सावत्र आई कायद्याने नैसर्गिक पालक नाही. लेखात याचा उल्लेखही नाही, याचे वाईट वाटले.

आणि आपल्या अर्थविषयक सदरात नॉमिनीला सर्रास मालक म्हटले जाते, तेही थांबवा. सोसायटीत नॉमिनी हा तात्पुरता सभासद असतो. शेअर्सबाबतही नॉमिनी मालक होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये सांगितले. लेखातल्या दोन्ही चुकांची, म्हणजे ‘सगळे पत्नीच्या नावे’ आणि ‘पुनर्विवाहाने मृत्युपत्र रद्द’ यांची, दुरुस्ती लेख जिथे छापला त्याच पानावर छापावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, इंदिरानगर, नाशिक