घाटात मंदावणारा हेडलॅम्प : वॉरंटीत दुरुस्ती नाकारल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : डाव्या एलईडी हेडलॅम्पच्या नियंत्रणातील दोषाबाबत

महोदय,

आपल्या कंपनीची मोटार मी दोन वर्षे चार महिन्यांपूर्वी घेतली. तिची वॉरंटी तीन वर्षांची आहे. गेल्या जूनअखेर रात्री चिपळूणहून कराडला जाताना कुंभार्ली घाटात डाव्या हेडलॅम्पचा डिपर एकाएकी मंद झाला. दिवा विझला नव्हता, परंतु उजेड निम्म्याहून कमी झाला होता आणि मीटरवर कसलीही सूचना नव्हती, त्यामुळे पावसात रस्त्याची डावी कड दिसेनाशी झाली तेव्हाच मला हे कळले. दिवे बंद करून दहा मिनिटे थांबल्यावर उजेड पूर्ववत झाला. तेव्हापासून अर्ध्या-पाऊण तासाच्या प्रवासानंतर असे चार वेळा घडले आहे.

आपल्या अधिकृत सेवा केंद्राने गाडी दोन दिवस ठेवून घेतली आणि जॉब कार्डवर ‘एलईडी खराब, संपूर्ण असेंब्ली बदलणे’ असा शेरा मारून ३८,४०० रुपयांचे अंदाजपत्रक दिले. दिव्यात पाणी शिरले असल्याने वॉरंटी लागू होत नाही, असेही सांगण्यात आले. वस्तुतः काचेच्या आत सकाळी थोडे बाष्प धरते, एवढेच. एलईडीची काच बल्बच्या दिव्याइतकी तापत नसल्याने ते उडायला वेळ लागतो. दिव्याच्या वायरी जोडणारा कपलर मी त्यांच्यासमोरच पाहिला. तो कोरडा होता व त्यावर गंज नव्हता.

इलेक्ट्रॉनिक उपकरणांची दुरुस्ती हा माझा २५ वर्षांचा व्यवसाय असल्याने हे निदान मला मान्य नाही. गाडीतील व्होल्टेज इंजिन सुरू करताना बरेच खाली येते आणि इंजिन चालू असताना १४च्या आसपास राहते. या चढउतारातही एलईडीमधून ठरलेलाच प्रवाह जावा, हे काम दिव्याच्या ड्रायव्हर सर्किटचे असते. एलईडीची बहुतेक उष्णता मागच्या हीट सिंककडे, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाकडे जाते आणि तिथले तापमान मर्यादेबाहेर गेल्याचे थर्मिस्टरने (तापमान मोजणाऱ्या भागाने) कळवले, की ड्रायव्हर मुद्दाम प्रवाह कमी करतो. माझ्या दिव्यातील एलईडी जळाले असते, तर ते दहा मिनिटांत बरे झाले नसते आणि सगळे एकदम, सारखेच मंदही झाले नसते. शिवाय भर पावसाच्या गार हवेत डावा दिवा तापावा आणि तेवढाच वेळ चालू असलेला उजवा तापू नये, हे पटण्यासारखे नाही. थर्मिस्टर चुकीचे तापमान सांगत असेल, हीट सिंकचा संपर्क सुटला असेल किंवा ड्रायव्हर सदोष असेल. यांपैकी कोणताही दोष माझ्या वापरामुळे आलेला नाही.

ड्रायव्हर मॉड्यूल दिव्याच्या तळाशी स्क्रूने बसवलेले आहे. दोन्ही बाजूंची मॉड्यूल अदलाबदल करून दोष कोणाबरोबर जातो ते पाहावे, ही माझी विनंती ‘आमच्याकडे तशी पद्धत नाही’ म्हणून फेटाळण्यात आली. साधा बल्ब असता, तर तो मी घाटातच बदलून पुढे निघालो असतो.

तरी दिवा किमान तासभर चालू ठेवून माझ्या उपस्थितीत प्रवाह व तापमान मोजावे, त्याची नोंद लेखी द्यावी, सदोष भाग वॉरंटीत विनामूल्य बदलावा आणि तपासणीपोटी घेतलेले १,१८० रुपये परत करावेत. दिवा असा मंदावल्यावर मीटरवर सूचना का येत नाही, याचाही खुलासा करावा. १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन.

सोबत : जॉब कार्ड, अंदाजपत्रक व पावती यांच्या प्रती, मंदावलेल्या दिव्याची दोन छायाचित्रे.

आपला,
एक ग्राहक, चिपळूण