कौशाच्या चाचांना, चारचौघांत

चाचा, सलाम.

हे पत्र तुमचा नातू तुम्हाला वाचून दाखवेल. मोबाइलवरची अक्षरं मुंग्यांसारखी पळतात असं तुम्हीच म्हणता. समोर बसून आभार मानायचा मी दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा तुम्ही "चाय घेतलंस काय?" विचारून विषय बदललात. इथे तुम्हाला मध्ये तोंड घालता येणार नाही, म्हणून इथे लिहितोय.

तुम्ही भेटलात तेव्हा मला कलमा पढून मुसलमान होऊन अकरा दिवस झाले होते. त्या अकरा दिवसांत माझ्या वाट्याला काय काय आलं ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. लग्नातल्या नवऱ्यालाही मिळत नाहीत इतक्या गळाभेटी मिळाल्या. चार जणांनी सेल्फी काढले. एकाने "तुझी स्टोरी व्हिडिओवर सांग, लोकांना फायदा होईल" म्हणून दोन दिवस पिच्छा पुरवला. उर्दू पुस्तकांची एक पिशवी हातात पडली. माझी उर्दू कव्वालीपुरती. बारा नावांची एक यादीही आली, यातलं आवडेल ते घे म्हणून. इकडे महापेच्या कंपनीत, गावच्या ग्रुपवर, सगळीकडे एकच प्रश्न, "मुलगी कोण?" मुलगी नाही हो कुणी, असं सांगून सांगून मलाच वाटायला लागलं की एखादी असती तर निदान उत्तर तरी सोपं झालं असतं.

इकडच्या-तिकडच्या एवढ्या माणसांत एकानेही विचारलं नाही, की बाबा, तुला नमाजेत म्हणायची फातिहा येते का? उद्या पहाटे एकटा उठून काय करणार आहेस?

मी मोबाइलवर बघून शिकत होतो. त्यात एक जण रुकूला, म्हणजे कमरेत वाकायला, जाताना हात वर उचलायचा, दुसरा उचलायचा नाही. एके ठिकाणी मी उचलले तर शेजारच्याने कोपराला धरून खाली ओढले, भर नमाजेत. दुसऱ्या ठिकाणी सलाम फेरून नमाज संपवल्या संपवल्या मागच्या रांगेतून आवाज आला, "कपाळ टेकून सजद्यात असताना पाय उचललास. नमाज गेली तुझी." वीस-पंचवीस माणसांनी मान वळवून माझ्या पायांकडे पाहिलं. मोज्याला भोक होतं, तेही सगळ्यांनी पाहिलं असणार. त्या रात्री मुंब्र्याहून कळव्याला स्लो लोकलने येताना दारात उभं राहून ठरवून टाकलं की आता मशिदीत जायचं नाही. जे जमेल ते खोलीत.

कंपनीतल्या मित्राने त्या गुरुवारी सुट्टीला जबरदस्ती मुंब्र्याजवळच्या कौशाला जेवायला नेलं नसतं तर मी आलोही नसतो. तिथल्या मशिदीत जोहरची, म्हणजे दुपारच्या नमाजेची, जमात उठली, माणसं पांगली, मी खांबाआड माझं चुकतमाकत चाललेलं उरकत होतो. रांगेच्या टोकाला प्लास्टिकच्या खुर्चीवर तुम्ही. तुम्ही बघताय हे कळलं तसे माझे कान तापले. आता हेही काहीतरी बोलणार. आणि तुम्ही बोललात, "मराठी बोलतंस ना? मंग उर्दूत कशाला घाम काढतंस?"

मशिदीत माझ्याशी कुणी मराठीत बोलण्याची ती पहिलीच वेळ, चाचा. घशात काहीतरी अडकल्यासारखं झालं.

हातांचा घोळ तुम्ही दोन वाक्यांत मिटवलात. कोकणी मुसलमान बहुतेक शाफई, इकडे आजूबाजूला जास्त हनफी, असे हे दोन पंथ. म्हणून हात उचलणं वेगळं, आमीन मोठ्याने की मनात ते वेगळं, असरची, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजेची, वेळही वेगळी. "एक बोट या धक्क्यावरून सुटते, दुसरी त्या. दोनीव जेद्दालाच जातात." मुंबईहून हजच्या बोटी १९९५ पर्यंत जायच्या आणि तुमचं अर्धं आयुष्य बोटीवर गेलं, हे मला नंतर कळलं. त्या वेळी मी फक्त पायांचं विचारलं. सजद्यात पाय नक्की कसे ठेवायचे?

तुम्ही तोंडाने सांगितलं असतं तरी चाललं असतं. कपाळ-नाक, दोन तळहात, दोन गुडघे, दोन्ही पायांची बोटं, अशी सात ठिकाणं जमिनीला लागली पाहिजेत, हे मी वाचलेलं होतंच. पण तुम्ही काठी भिंतीला टेकवलीत, टोपी सारखी केलीत आणि खुर्चीवरून खाली उतरायला लागलात. डावा गुडघा टेकताना तुमच्या तोंडून "या अल्लाह" निघालं, ते दुखण्याचं होतं. मी "नको, नको" म्हणेपर्यंत तुम्ही सजद्यात गेला होतात. "माझ्या मागं ये, बोटं बघ," जमिनीकडे तोंड करूनच म्हणालात. मी मागे जाऊन उकिडवा बसलो. तुमच्या टाचांना भेगा, नखं पिवळट, आणि दहाही बोटं आतल्या बाजूला मुडपून किबल्याकडे, मक्केच्या दिशेला, वळवलेली. "अशी. हात लावून बघ." मी हात लावून पाहिलं.

मग तुम्हाला उठता येईना. माझ्या खांद्यावर सगळा भार टाकून, दोनदा दम खात, तुम्ही खुर्चीपर्यंत आलात आणि हसलात. "आणखी एकादा शिकायला आला आस्ता तर म्हातारा असरपर्यंत हितंच."

ज्यांचे गुडघे धड होते त्यांनी उभ्या उभ्या माझी नमाज रद्द केली होती.

बाकी जे शिकवलंत ते सगळं इथे मांडत बसत नाही. रेघांच्या वहीत देवनागरीत लिहून दिलेली फातिहा, तिच्या सात आयती म्हणजे ओळी, क खाली टिंब आलं की आवाज घशातून काढायचा, हे सगळं माझ्या उशाशी आहे. पाठ व्हायला महिना लागला. "तोवर काय करू?" विचारलं तेव्हा तुम्ही सांगितलंत, की पैगंबरांकडेही एक जण असाच आला होता, कुरआनातलं काही पाठ होत नाही म्हणत. त्याला सुब्हानल्लाह, अल्हम्दुलिल्लाह असे थोडे शब्द शिकवले होते. तेवढ्यावर माझी पहाट निघत राहिली. आणि बारा नावांची यादी दाखवली तेव्हा तुम्ही विचारलंत, "आताचं नाव कोणी ठेवलं?" आईने, म्हटलं. "अर्थ वाईट नाय ना? मंग रवू दे की."

तुमच्यामुळे एक झालं. चांगली माणसं दिसायला लागली, आधीपासून तिथेच असलेली. कळव्याच्या घरमालकीणबाईंनी रमजानात पहाटेचा गजर ऐकून तक्रार केली नाही, तिसऱ्या दिवशी दाराला डबा, त्यात थालीपीठ, आणि "कुणाला सांगू नकोस, आमच्या ह्यांना आवडणार नाही." शिफ्टचा सुपरवायझर कपाळावर गंध लावून येतो, जोहरच्या वेळी माझ्या मशीनवर न बोलता उभा राहतो. मी आभार मानले तर म्हणाला, "बिडीला जातात त्यांच्यासाठी पण उभा राहतो." असलं माणूस मला भाषण देणाऱ्या दहा जणांपेक्षा जवळचं वाटतं.

आणि आई. ती श्रीगोंद्याकडची, जिथे शेख महंमद हे मुसलमान संत होऊन गेले. पहिले दोन महिने फोनवर नुसती रडायची. संक्रांतीला गेलो तर स्वतःच म्हणाली, "आमच्याकडं शेख महंमदबाबा हायेतच की. ज्ञानाचा एका, नामयाचा तुका, कबीराचा शेका." हे तिने स्वतःची समजूत घालायला म्हटलं की माझी, मला माहीत नाही. पण दुपारी मी कोपऱ्यात चटई टाकली तेव्हा तिने टीव्हीचा आवाज बारीक केला. सलाम फेरला तर म्हणाली, "पायाची बोटं अशी का मुडपतोस रं? दुखत न्हाईत?"

मग मी तिला तुमची गोष्ट सांगितली. सगळी, गुडघ्यासकट.

येत्या गुरुवारी येतोय. तिने गुडघ्यांसाठी निर्गुडीचं तेल दिलंय, रात्री कोमट करून लावायचं. तिळाचे लाडूही द्यायचे म्हणत होती, पण आधी विचारून घे म्हणाली, चाचांना साखर आहे का?